वाढत्या अंगाचा

“आणि गोलकीपरचा?” दुकानदारानं विचारलं, आणि मी हातातला शर्ट खाली ठेवला.

तोवर माझं झकास चाललं होतं. पुण्यातल्या त्या दुकानात मी लग्नघरच्या कारभाऱ्याच्या रुबाबात उभा होतो. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एकेक शर्ट उलगडायचा, कापड दोन बोटांत चुरगाळून बघायचं, खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर येते का बघायचं. सुती असलं तर एक माप मोठं घ्यायचं, पहिल्या धुण्यातच आटतं ते. नायलॉनचं असलं तर आहे त्या मापाचं. बंडाची छाती छत्तीस, पण हात लांब, म्हणून त्याला अडतीस. अरविंद पोटानं सुटलेला, त्याला बेचाळीस घ्यायचा आणि विचारलंच तर चाळीस आहे म्हणून ठोकून द्यायचं. सगळ्यांची मापं मला तोंडपाठ होती. का नसणार? सामना संपला की घामानं चिंब झालेले शर्ट गोळा करायचे, उलटे सुलटे करायचे, परटाकडं टाकायचे. कोल्हापुरात तालमी कुस्तीइतक्याच फुटबॉलनं गाजतात; आमच्या वडाच्या तालमीच्या संघात राखीव गोलकीपरचं काम म्हणजे एवढंच, आणि कैक वर्षं मी ते इमानेइतबारे केलं होतं.

“अहो पाहुणे, गोलकीपरचा शर्ट म्हणतोय मी. का तुमच्या गावात जाळी मोकळीच ठेवतात?” दुकानदारानं पुणेरी चिमटा काढला. “पिवळ्यात दोनच उरलेत. एक अडतीस आणि एक चव्वेचाळीस. मधली मापं संपली. बोला, कुठला बांधू?”

अडतीस माझं माप. चव्वेचाळीस रंगाण्णांचं.

रंगाण्णा म्हणजे आमच्या तालमीचे गोलकीपर. दारात उभे राहिले की घरात उजेड यायचा बंद व्हावा, असा गडी. माझे आईवडील लहानपणीच गेले. थोरली बहीण लग्न होऊन गडहिंग्लजला नांदायला गेली, आणि मी पेठेतल्या एका खोलीत स्टोव्हच्या सोबतीनं राहायला लागलो. तालमीच्या कट्ट्यावर एकटाच बसायचो. एक दिवस रंगाण्णा माझ्यासमोर येऊन थांबले. “का रं, जेवलास का?” म्हणाले. मी मान हलवली, ती खोटी होती हे त्यांना कळलं. हाताला धरून घरी नेलं. सुशीलावहिनींनी ताटात भाकरी वाढली, पांढरा रस्सा वाढला, आणि दुसऱ्या दिवसापासून रंगाण्णांनी मला जाळीत उभं केलं.

शिकवलं सगळं त्यांनीच. पण एका गोष्टीसाठी ते माझ्यावर कायम डाफरायचे. वरून बॉल आला की गोलकीपरनं “माझा!” म्हणून ओरडायचं असतं. तो ओरडला की आपली माणसं बाजूला होतात. मी झेपावायचो, पण तोंडातून आवाजच फुटायचा नाही.

“वरड की लेका!” रंगाण्णा मैदानाच्या कडेनं गर्जायचे. “बॉल कुणाचा?”

“माझा,” मी पुटपुटायचो.

“सत्यनारायण सांगालाईस काय? ढगाला भोक पडलं पायजे! माझा म्हणायला लाज वाटती व्हय रं तुला?”

वाटायची. काय सांगू, जन्मात कशाला कधी माझं म्हटलंच नव्हतं. आणि शर्टाचं म्हणाल, तर तालमीच्या रीतीनं गोलकीपरचा गेल्या वर्षीचा शर्ट राखीवाला मिळायचा. चव्वेचाळीसचा तो झगा माझ्या अंगावर नुसता लोंबायचा. पेठेतली पोरं मला ‘हँगर’ म्हणायची. “हँगर आला, हँगर आला, शर्ट वाळत घाला!” मीही हसायचो. न हसून सांगतोय कुणाला?

तर आता दोन शर्ट माझ्यासमोर पडले होते, आणि कुठला न्यायचा हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आमच्या तालमीची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय माझी अडचण कळायची नाही. आमच्याकडं संघ तोंडानं जाहीर करत नाहीत. सीझनच्या आधीच्या शनिवारी नवे शर्ट मारुतीपुढं सतरंजीवर मांडतात, नारळ फुटतो, आणि वस्ताद एकेक शर्ट उचलून ज्याच्या त्याच्या हातात देतात. शर्ट हातात पडला की समजायचं, औंदा आपण आहे. त्याच्या आधी नाव काढणं म्हणजे अपशकुन. आणि एकदा मारुतीपुढं घेतलेला शर्ट परत करायचा नाही, मग आभाळ कोसळो. देऊन झाले की मग अदलाबदलीचा गोंधळ. ह्याला तो घट्ट, त्याला हा ढगळ, ओढाओढी, शिव्या, हशा. सगळ्यांचे एकाच रंगाचे, त्यामुळं कुणाचं ना कुणाचं जुळून जातं. गोलकीपरचा तेवढा एकच, आणि तोही वेगळ्या रंगाचा. तो कुणाशी बदलणार? तो आला तसा घालायचा.

त्या वर्षी रंगाण्णांचा गुडघा गेलेला होता. जिना उतरताना कठड्याला धरून उतरायचे, आणि कुणी बघतंय असं वाटलं की कठडा सोडायचे. पेठेत कुजबूज होती, औंदा हँगरला उभा करत्यात काय की. निघायच्या आधी मी दत्तोबा वस्तादांना विचारलंसुद्धा होतं, जाळीतलं माप कुठलं आणू म्हणून. ते तंबाखू मळत होते. चुना लावला, चिमूट दाढेखाली धरली आणि म्हणाले, “बघ की तूच.”

दुकानदाराला थांबायला सांगून मी समोरच्या एसटीडी बूथवर गेलो. तालमीशेजारच्या किराणा दुकानात फोन लावला. वस्तादांना बोलवून आणलं.

“वस्ताद, निवास बोलतोय, पुण्यातनं.”

“बोल मर्दा. मिळालं काय शर्ट?”

“मिळालं. जाळीतल्याचा कुठल्या मापाचा घिऊ? अडतीस हाय आनि चव्वेचाळीस हाय.”

“मग?”

“मग काय, त्येच इचारतोय.”

पलीकडं दुकानात कुणी तरी गूळ मागत होतं, ते मला पुण्यात ऐकू आलं.

“निवास, पूजेआधी नाव काढायचं न्हाई, ठाऊक हाय न्हवं तुला? जो घालणार हाय त्येच्या मापाचा आण, म्हंजे झालं. ठेव आता, बिल वाढालंय तुझं.”

मी परत दुकानात आलो. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाला मोजे दाखवत होता. मी अडतीसचा उचलला. कोपरांवर जाड पट्टी, पाठीवर ठसठशीत एक नंबर. घातला अंगात, आहे त्या कपड्यांवरूनच. खांद्याची शिवण बरोब्बर हाडावर आली. गोलकीपरचं माप खांद्यावर ठरत नाही पण. दोन्ही हात वर करून बघायचं असतं. शर्ट वर ओढला जाऊन पोट उघडं पडलं तर लहान, काखेत कापड गोळा झालं तर मोठा. मी आरशासमोर दोन्ही हात वर केले. शर्ट जागचा हलला नाही.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अंगावर माझ्या मापाचं काही तरी होतं. आरशात जो उभा होता तो हँगर नव्हता, गोलकीपर होता. मला जाळी पाहिजे होती हो. इतकी पाहिजे होती की झोपेत पण मी बॉल अडवायचो आणि भिंतीवर हात आपटून जागा व्हायचो.

“हा तर तुमच्यासाठीच शिवलाय!” दुकानदार मोजे सोडून म्हणाला. “बांधू?”

हात वरच होते माझे. आणि मला एकदम तो शनिवार दिसला. मारुतीपुढं सतरंजी, सतरंजीवर हा अडतीसचा पिवळा शर्ट, आणि भिंतीला टेकून गुडघा चोळत बसलेले रंगाण्णा. पेठेला नंतर दिसलं असतं, आधी त्यांना दिसलं असतं. ‘ज्याला ताटात घेऊन जेवू घातलं, त्यानं पुण्यात जाऊन माझं माप काढून टाकलं,’ असंच त्यांच्या मनात आलं असतं. मग त्या घराची पायरी मी कुठल्या तोंडानं चढणार होतो? आणि ते घर वजा केलं तर ह्या दुनियेत मला “जेवलास का” म्हणून विचारणारं होतं कोण?

मी शर्ट काढला.

“चव्वेचाळीसचा द्या.”

“कोणासाठी?”

“गोलकीपरसाठी.”

“मग हा अंगात घालून आरशासमोर कवायत कसली चालली होती?” तो हसला. “वाढत्या अंगाचा घेताय जणू. बरं, दोन्ही न्या, हाय काय नि नाय काय!”

“जाळीत एकच उभारतोय,” मी म्हटलं. दोन पिवळे शर्ट मारुतीपुढं मांडायचे, म्हणजे वस्तादांना सगळ्यांदेखत विचारायचंच की, सांगा, ह्याला का त्याला. तेवढी छाती कुणात होती? त्यानं चव्वेचाळीसचा बांधला.

शनिवारी तालीम गच्च भरली. उदबत्तीचा आणि शेंदराचा वास, दारात चपलांचा ढीग. वस्तादांनी नारळ फोडला आणि एकेक शर्ट उचलायला लागले. बंडा, अरविंद, बाकीचे. पिवळा शर्ट शेवटाला राहिला. वस्तादांनी तो हातात घेतला, कॉलर उलटी करून आतली पट्टी वाचली आणि माझ्याकडं बघितलं.

“चव्वेचाळीस आणलास?”

“व्हय वस्ताद.”

“इचार करून आणलास?”

“व्हय.”

त्यांनी कॉलर सरळ केली. मग भिंतीकडं वळून म्हणाले, “रंगा, ये.”

रंगाण्णा उठायला वेळ लागला. पोरांना वाटलं, मानानं सावकाश येतायत. त्यांनी एकच कल्ला केला, शिट्ट्या मारल्या. रंगाण्णांनी मारुतीला नमस्कार केला, शर्ट घेतला, कपाळाला लावला. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं, पण देवासमोर माणूस गंभीर असतोच, असं मी समजलो.

मग अदलाबदलीची झोंबाझोंबी सुरू झाली. अरविंदच्या बेचाळीसवरनं चेष्टा, बंडाच्या बाह्या ओढून बघणं, हसून हसून पोरं लोळायला लागली. त्या दंग्याच्या बाहेर आम्ही दोघंच भिंतीला लागून उभे. त्यांच्या हातात कुणाशी न बदलता येणारा शर्ट, आणि माझ्या हातात काहीच नाही. मी वाट बघत होतो. आता पाठीवर थाप पडेल, आता म्हणतील, निवाशा, माझा मान राखलास बघ.

रंगाण्णांनी शर्ट अंगाला लावून बघितला. “मापाचा हाय,” एवढंच म्हणाले, आणि लंगडत घरी गेले.

तो सगळा सीझन ते खेळले. गुडघ्याला पट्टी बांधून, सामन्याआधी दात आवळून. मी बाकावर. सेमी फायनलला खालून गेलेला एक साधा बॉल त्यांना वाकून घेता आला नाही, आणि आम्ही बाहेर पडलो. त्या सामन्याआधीच कधी तरी त्यांच्या घरचं माझं जेवण तुटलं होतं. भांडण नाही, तंटा नाही. मी गेलो की वहिनी दारातूनच सांगायच्या, “गुडघा सुजलाय भावजी, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा.” दोनदा झालं, तिसऱ्यांदा झालं, मग मी जायचाच थांबलो. मला वाटलं, माझा डोळा जाळीवर आहे असं कुणी तरी त्यांच्या मनात भरवलं. जीव तुटायचा. ज्या माणसासाठी अडतीसचा शर्ट काढून ठेवला, तोच माणूस माझ्याशी बोलत नव्हता. स्टोव्हवर भात टाकायचा आणि पातेल्यातूनच खायचा, असे दिवस चालले होते.

सीझन संपल्यावर एका दुपारी रंगाण्णा माझ्या खोलीवर आले. पहिल्यांदाच. हातात धुऊन घडी केलेला पिवळा शर्ट.

“घे. तालमीची रीत हाय,” म्हणाले.

मी त्यांना पेटीवर बसवलं, चहा टाकला. पाय लांब करून ते माझी खोली बघत होते. खिळ्यावर त्यांचे जुने शर्ट ओळीनं टांगलेले होते, त्यांच्यावर त्यांची नजर थांबली.

“निवास, एक इचारू?”

“इचारा की अण्णा.”

“पुण्यात अडतीसचा हुता न्हवं?”

मी चहाची कपबशी त्यांच्या हातात दिली. “हुता.”

“घालून बघितलास?”

“व्हय.”

“बसला?”

मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले.

“दिवाळीतच वस्तादास्नी सांगितलं हुतं मी,” ते म्हणाले. “आता माझ्यानं हुत न्हाई, निवासला उभा करा. वस्ताद म्हटलं, रंगा, पोरगं चांगलं हाय, पर त्ये वरडत न्हाई. जाळीत उभारणाऱ्यानं माझा म्हणाय पायजे. मग मीच म्हटलं, शर्ट आणाय त्यालाच धाडा. काय बी सांगू नका. सोताच्या मापाचा आणला, तर वरडला म्हणून समजा.”

स्टोव्ह फुरफुरत होता. मी तो बंद केला.

“आनि तू चव्वेचाळीस आणलास. वस्ताद समजलं, ह्येला जाळी नको हाय. आनि माझ्या हातात शर्ट ठिवला. मारुतीपुढं मी न्हाई कसा म्हणू?”

“अण्णा, मला वाटलं तुमास्नी वाईट वाटंल.”

“वाटलं असतं की.” त्यांनी बशी खाली ठेवली. “एक दिस वाटलं असतं. दोन दिस वाटलं असतं. मग मैदानाच्या कडंला खुर्ची टाकून मी तुझं सामनं बघितलं असतं. आता सगळा सीझन वाटलं, त्येचं काय करू? तुझं तोंड बघवत न्हवतं मला, म्हणून तुला दारातनं लावून दिलं. माझी जागा मी तुला दिऊन बसलो हुतो, आनि तूच ती परत माझ्या गळ्यात मारलीस.”

मी रडलो. तेही रडले असतील, पण उठताना पाठमोरे झाले. कठडा धरून जिना उतरताना म्हणाले, “एकदाच माझा म्हणायचं हुतं, लेकरा. त्ये बी पुण्यात. वळखीचं कुणी बघाय नसताना.”

पुढच्या सीझनला शर्ट आणायला वस्तादांनी दुसऱ्याला धाडलं. जाळीत नवा पोरगा आला, कानठळ्या बसतील असा ओरडायचा. मी इचलकरंजीला सूतगिरणीत लागलो आणि तिथलाच झालो. लग्नाचं जमता जमता राहिलं. एकदा एका स्थळाकडून होकाराची वाट बघत बसलो होतो, आणि ती माणसं माझ्या होकाराची वाट बघत बसली होती, असं फार उशिरा कळलं. रंगाण्णा गेल्याचंही मला दहावा होऊन गेल्यावर कळलं. लोक म्हणतात, एकट्या माणसाला काय, सडाफटिंग, मजा आहे. असेल. संध्याकाळी कुलूप उघडून आत गेलं की “आलास का” म्हणायला भिंतीसुद्धा नाहीत तयार.

गेल्या महिन्यात फोन वाजला. नंबर अनोळखी.

“काका, वडाच्या तालमीतनं बोलतोय. निवास काका न्हवं? जुन्या खेळाडूंचा सामना घ्यायला लागलोय. शर्ट आणायला चाललोय, तुमचं माप सांगा.”

माझं माप. तालमीतनं मला ते कधी कुणी विचारलं नव्हतं.

“थांब जरा, बाळ,” म्हटलं. फोन तसाच चालू कॉटवर ठेवला. पेटीच्या तळाला तो पिवळा शर्ट होता, डांबराच्या गोळीचा वास लागलेला. अंगात घातला. खांद्याची शिवण चाचपली, हाडावर होती. पोटावर तर अंमळ घट्टच. कपाटाच्या आरशासमोर दोन्ही हात वर केले. शर्ट जागचा हलला नाही. पुण्यातला तो दुकानदार चेष्टेत म्हणाला होता, वाढत्या अंगाचा घेताय. अंग वाढलं खरं. वाढायला तेवढा जन्म गेला.

“काका, हाईसा न्हवं लाइनवर?”

“हाय हाय. चव्वेचाळीस.”

“चव्वेचाळीस. बरं. आनि आणखी एक, जाळीत कोण उभारणार हाय त्येच अजून ठरंना झालंय. आता तिथला शर्ट कुणाच्या मापाचा घिऊ?”

रिकाम्या खोलीत मी छाती भरून घेतली.

“माझा!”

पलीकडं पोरगं दचकलं असावं.

“आवो काका, वरडताय कशाला?” ते म्हणालं. “आलं की ऐकू.”